पहिलं कोण हसलं?

माणसं आपोआप हसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा शुक्रवारी दुपारी त्या हॉलच्या मागच्या काचेच्या खोलीत येऊन बसावं. भ्रम उतरेल. विनोद झाला की हॉलमधली माणसं आधी एकमेकांकडे बघतात. शेजारचा हसला तर मी हसेन, असा प्रत्येकाचा विचार असतो, आणि शेजारच्याचाही तोच विचार असल्यामुळे सगळे घुम्यासारखे बसून राहतात. कुणीतरी पहिलं हसावं लागतं. एकदा ते झालं, की मग साध्या शिंकेलाही लोक पोट धरून हसतात.

या काचेच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर एक विनोदी कार्यक्रम लागायचा, चार-पाच लहान लहान स्किटांचा, आणि त्याचा आवाज सांभाळणं हे कानसेनचं काम. शुक्रवारी हॉलमध्ये प्रेक्षक बसवून चित्रीकरण व्हायचं, शनिवारी ते दाखवायचं, आणि मधल्या वेळात कानसेन हसू नीट करायचा. कुठं कमी पडलं तर जुन्या साठ्यातलं घालायचं, कुठं उतू गेलं तर छाटायचं. हे सगळीकडेच चालतं आणि कुणीच कबूल करत नाही. त्याच्या साठ्यात खोकत हसणारे म्हातारे होते, नाकातून हसणारे कॉलेजकुमार होते, टाळी वाजवूनच हसणाऱ्या बायका होत्या. पण खरा ऐवज होता तो एकच. त्याला तो ‘काडी’ म्हणायचा.

काडी म्हणजे त्याच्या ताईचं हसू. कार्यक्रमाच्या पहिल्या वर्षी ताई हौसेनं हॉलमध्ये येऊन बसली होती. स्किटमध्ये एक माणूस वाऱ्यात छत्रीशी झोंबत होता, आणि हॉल गप्प होता. ताईनं आधी दम कोंडला, मग उचकीसारखा एक आवाज झाला, आणि मग ती जी हसत सुटली ती वर वर चढतच गेली. तिच्यामागून सगळा हॉल पेटला. कानसेननं ते हसू कापून जपून ठेवलं. तेव्हापासून जिथं जिथं हॉल अडायचा, तिथं तो काडी ओढायचा, आणि पाठोपाठ बाकीचा साठा सोडायचा. ताईच्या घरी शनिवारी भाऊजी बोट वर करून वाट बघत बसायचे आणि म्हणायचे, “आली!” ताई शाळेत शिकवायची. तिनं शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना अभिमानानं सांगून टाकलं होतं, ते पहिलं हसतं ना कुणीतरी, ती मी. त्या घरातलं तेवढंच काय ते टीव्हीवर जात होतं. तिनं सांगू नये तर काय करावं?

सोमवारी सकाळी कात्रीसाहेब काचेच्या खोलीत आले. बगलेत उशी होती.

कात्रीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं आणि ते कुणाच्या लक्षात राहत नसे. दोन वर्षांपूर्वी ते वाहिनीच्या कचेरीत येऊन बसले, आणि तेव्हापासून प्रत्येक स्किट आधी त्यांच्या टेबलावरून जायला लागलं. आरडाओरडा नाही, दमदाटी नाही. हळू आवाजात म्हणायचे, “हे वाक्य नसलं तरी चालेल, नाही?” आणि मेल्याला विनोदाची जाण अशी, की त्यांनी कापलेलं स्किट बहुतेक वेळा आधीपेक्षा चुरचुरीत व्हायचं. कंबरेच्या दुखण्यामुळे ते स्वतःची उशी घेऊन फिरत. बगलेत उशी दिसली, की समजायचं, साहेब आज बसणार आहेत.

“बसा, बसा, उठू नका,” ते म्हणाले. खुर्चीवर उशी ठेवून ते टेकले. “शनिवारचं लावता जरा? वडिलांचं स्किट.”

 त्या स्किटबद्दल तीन दिवस कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. स्किट तसं साधं होतं. जेवणाच्या टेबलावर वडील बसल्या बसल्या झोपी जातात. त्यांना उठवायची कुणाची हिंमत नाही आणि त्यांच्याआधी जेवायला सुरुवात करायचीही नाही. मग मुलं तशीच बसून मोठी होतात, त्यांची लग्नं ठरतात, नातवंडं रांगायला लागतात, आणि वडील घोरतच असतात. महिन्यापूर्वी लिहिलेलं. कात्रीसाहेबांनी त्यातल्या वडिलांची मिशी तेवढी काढायला लावली होती आणि खाली सही केली होती. पुढं झालं असं, की चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी देशातले सगळ्यांत मोठे साहेब एका समारंभात भर व्यासपीठावर, कॅमेऱ्यासमोर, तोंड उघडं टाकून झोपले. ते दृश्य पुन्हा कुठंही दाखवलं गेलं नाही. पण जे बघायचं ते सगळ्यांनी बघितलं होतं. स्किट काढून टाकावं, तर ते कशामुळे काढलं हे कुणालातरी तोंडानं सांगावं लागलं असतं, म्हणून ते तसंच राहिलं.

आणि शुक्रवारी हॉलमध्ये एकही माणूस हसला नव्हता.

कानसेनला ती शांतता आठवत होती. वडिलांची मान कलली आणि सगळा हॉल असा गप्प झाला, की पंख्याचा आवाज ध्वनिमुद्रणात आला. दुसरा कुणी असता तर त्याला त्या शांततेतून कळायचं ते कळलं असतं. पण धंद्याची सवय वाईट. कानसेनला वाटलं, हॉल अडला. गाडी अडल्यावर ढकलणारा विचारत बसत नाही, का अडली. निर्मितीवाल्या मॅडम पांढऱ्याफटक चेहऱ्यानं काचेआडून म्हणाल्या, “भर रे बाबा काहीतरी,” आणि त्यानं भरलं. एरवी चवीपुरतं घालायचा, त्या दिवशी साठाच्या साठा ओतला. सगळ्यांच्या आधी, अर्थातच, काडी.

आता त्यानं ते स्किट लावलं. वडिलांची मान कलली, उचकीसारखा आवाज झाला, आणि ताई हसली.

“थांबा,” कात्रीसाहेब म्हणाले. “हे हसू. हे कुणाचं?”

“प्रेक्षकांतलं कुणी असेल, साहेब.”

“ते झालंच. पण कोण?” त्यांनी पाठ चोळली. “असं बघा, विनोद करतं कोण, हे आम्हाला माहीत असतं. शेवटी पडद्यावर नावं येतात, तुम्हीच दाखवता. हसतं कोण, ते मात्र कुठंच येत नाही. बाई आहे. पन्नाशीच्या आतली. बाकीचे गप्प आहेत, आणि हिला आवरत नाहीये. म्हणजे हिला कळलं. कळलं आणि वर हसूही आलं. हिच्यामागून मग सगळे हसले.”

“एवढ्या गर्दीत एक आवाज ओळखायचा म्हणजे...”

“तुम्हाला कानसेन म्हणतात ना?” ते हसले. हसू चांगलं होतं, मनापासूनचं. “मला वरून विचारलंय हो. त्या स्किटवर माझी सही आहे. मलाही घर आहे, मुलंबाळं आहेत. मी बुधवारी येतो. तोवर आठवा.”

उशी उचलून ते गेले. कानसेनला घड्याळवाला आठवला. मागच्या वर्षी हॉलमधून एका माणसानं स्किट चालू असताना मोठ्यानं एक शेरा मारला होता, आणि सगळे हसले होते. त्या माणसाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान कानसेनच्या रोजच्या वाटेवर होतं. त्याचं शटर तेव्हापासून खाली होतं. आता त्यावर जाहिरातींचे कागद चिकटलेले होते. त्या माणसाचं काय झालं, हे शेजारच्या दुकानदारांना विचारलं तर ते आत जाऊन काहीतरी शोधायला लागत.

दुपारी तो तडक ताईच्या घरी गेला.

ताई नुकतीच शाळेतून आली होती. स्वयंपाकघरात बसून मटार सोलत होती, आणि समोर तिची मुलगी, कानसेनची भाची, पुस्तक उघडं टाकून मटार खात होती. आई गेल्यावर कानसेनला ताईनंच वाढवलं होतं. तो आठवीत असल्यापासून त्याच्या चेहऱ्यावरचं तिला वाचता यायचं.

“काय केलंयस?” तिनं दारातच विचारलं.

“काही नाही गं. शाळेत काय म्हणतात?”

“शाळेत काय, शनिवारपासून माझा भाव वधारलाय. हेडबाई म्हणाल्या, तुमचंच ना ते हसू? मी म्हटलं, माझंच, दुसऱ्या कुणाचं एवढं गडगडाटी आहे? तो नवीन क्लार्क आलाय ना, तोसुद्धा मुद्दाम येऊन विचारून गेला. एरवी मान वर करून बघत नाही मेला.”

कानसेन मटकन खाली बसला. मग त्यानं सगळं सांगितलं, उशीपासून बुधवारपर्यंत. ताईचे हात थांबले नाहीत. शेंगा मात्र ती आता जरा जोरात फोडत होती.

“म्हणजे मी हसले त्या छत्रीवाल्याला,” ती म्हणाली, “आणि तू ते नेऊन लावलंस मोठ्या साहेबांच्या झोपेला.”

“मला तेव्हा सुचलंच नाही गं.”

“गधड्या, माझ्या तोंडातलं हसू आहे ते. कुठं वापरतोस, हे एकदा विचारायचं तरी होतंस!”

“मामा, पण सोपं आहे की,” भाची म्हणाली. ती कॉलेजात होती, आणि त्या वयात सगळंच सोपं असतं. “खरं सांगून टाक. आई तिथं नव्हतीच. मी होते की. तूच पास दिले होतेस आम्हा मैत्रिणींना. कुणी हसलं नाही, मी शपथेवर सांगेन. सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत बसले होते.”

“तू मध्ये बोलू नकोस,” ताई म्हणाली.

“का? खरं तर आहे.”

कानसेननं मान हलवली. “खरं सांगितलं तर रडतराव मरतो.”

रडतराव म्हणजे कार्यक्रमाचा लेखक. सगळ्या देशाला हसवणारा माणूस, आणि स्वतःचा चेहरा कायम प्रेतयात्रेला निघाल्यासारखा, म्हणून हे नाव. कानसेन आणि तो एकाच महिन्यात कामाला लागले होते, एकाच डब्यात जेवले होते. त्याची चौकशी सुरू झाली होती. आणि त्याचं सगळं म्हणणं एकाच गोष्टीवर उभं होतं: हॉल हसला. माणसं मोकळेपणी हसली, म्हणजे त्यांना ती घरातल्या बापाची गोष्ट वाटली. ज्याच्या मनात दुसरंच काही आलं असतं, तो हसला असता का? भीतीनं त्याची वाचा बसली असती.

“आणि तसंच झालं होतं,” ताई हळूच म्हणाली.

“तसंच झालं होतं. मी ते झाकलं, नकळत. आता उघडं केलं, तर तू सुटतेस आणि तो अडकतो.”

 मग ताई उठली, हात पुसले. “मला सोडवायला कुणी सांगितलंय? मी सांगेन, हसले. असते तिथं तर हसलेच असते. झोपलेल्या माणसाला हसू नये असा कायदा आहे का?”

“ताई, तो घड्याळवाला...”

“मला माहीत आहे घड्याळवाला!” ती ओरडली, आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. “मला माहीत आहे रे.”

तिनं सोललेले मटार उचलून सालांच्या ढिगात ओतले, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. आई गेली तेव्हाही कानसेननं तिला असं गोंधळलेलं पाहिलं नव्हतं. त्याच क्षणी त्याच्या मनानं काय ते ठरवून टाकलं. नंतर त्यानं स्वतःला कितीही समजावलं, की आपण दोन दिवस विचार केला, तरी ते खोटं होतं. विचार त्या स्वयंपाकघरातच संपला होता.

मंगळवारी रडतराव कँटीनमध्ये भेटला. एकटाच बसला होता. नेहमी त्याच्या टेबलाशी खुर्च्या ओढून बसणारे आज भिंतीकडे तोंड करून चहा पीत होते. वडिलांचं काम करणारा नकल्या शनिवारपासून बाहेरगावी गेला होता, असं मॅडम सांगत होत्या. कुठल्या गावी, हे त्यांना माहीत नव्हतं. त्याच्या मेकअपच्या आरशासमोर कुणीतरी झाडू उभा करून ठेवला होता.

“तू ते हसू घातलंस म्हणून मी अजून इथं बसलोय,” रडतराव म्हणाला. “काल तिघं समोर होते. प्रत्येक प्रश्नाला मी तेच म्हणालो, हॉल हसला, ऐका, हॉल हसला. त्यांनी ते लावून ऐकलं. आणि एकाला हसू आलं रे! दाबलं त्यानं, पण आलं. काडीनंच आलं.”

“तू ते लिहिताना मनात काय होतं?”

“सासरे,” रडतराव म्हणाला. “देवाशपथ, सासरे. पानावर बसून घोरतात. आता मलाच खात्री वाटेनाशी झालीय.”

त्यानं कानसेनच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. विनोद लिहिणाऱ्याला दुसरं काही येवो न येवो, माणूस वाचता येतो. “तुलाही विचारलंय वाटतं,” तो म्हणाला.

कानसेननं त्याच्यासमोरचा गार चहा पुढं ओढला.

“मूळ मुद्रण आहे अजून? ते कोरं, हसू नसलेलं?”

“आहे.”

“पुसून टाक. एवढंच मागतो. बाकी तुला काय सांगायचं ते सांग.”

कानसेन हो म्हणाला. तोंडानं म्हणाला. मूळ मुद्रण पुसलं, तर ताई तिथं नव्हती हे दाखवणारं काहीच उरत नव्हतं. तो खोलीत येऊन यंत्रासमोर बसला, बटणावर बोट ठेवलं, आणि काढून घेतलं. मित्राचा गळा कापताना माणसाला निदान काहीतरी वाटायला हवं, असं त्याचं त्यालाच वाटलं. वाटत होतं ते एवढंच, की बुधवार लवकर यावा आणि संपावा.

बुधवारी कात्रीसाहेब आले. उशी ठेवली, टेकले, आणि म्हणाले, “आठवलं?”

“ते हसू कुणाचंच नाही, साहेब,” कानसेन म्हणाला. रात्रभर घोकलेलं एका दमात बाहेर पडलं. “म्हणजे आहे माझ्या बहिणीचं, पण जुनं आहे, भलत्याच स्किटचं. छत्रीच्या. ती शुक्रवारी हॉलमध्ये नव्हतीच. मी घातलंय ते. सगळंच हसू मी घातलंय. हॉलमध्ये कुणीही हसलं नव्हतं. माझ्याकडे मूळ मुद्रण आहे.”

कात्रीसाहेबांनी भुवया वर केल्या. “ऐकवा.”

त्यानं ऐकवलं. नकल्याचं वाक्य आलं, खुर्ची करकरली, वडिलांची मान कलली, आणि मग काहीच नाही. पंखा. कुणाचा तरी बूट फरशीवर सरकला. लांब कुठंतरी एकानं खोकला सुरू केला आणि मध्येच गिळला. कात्रीसाहेब डोळे मिटून, गाण्याच्या मैफिलीत बसावं तसे ऐकत होते. संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग खिशातून फोन काढला.

“हो,” ते फोनवर म्हणाले. “नव्हतं. अजिबात नव्हतं. नंतर घातलेलं. लेखकांचं म्हणणं होतं ना हॉल हसला म्हणून, ते बाद धरा. हो, समोरच आहेत ना ते तुमच्या? सांगा त्यांना.”

कानसेननं मान खाली घातली. कुठल्यातरी खोलीत या घडीला रडतराव तोंड उघडं टाकून ‘हॉल हसला’ म्हणत असेल, आणि कुणीतरी त्याला हातानं थांबवत असेल. पण खरं सांगायचं, तर त्याच्या आतून एक मोठा सुस्कारा बाहेर पडला. जीव भांड्यात पडला. ताई सुटली. संध्याकाळी जाऊन तिला सांगायचं, बस्स, आता त्या क्लार्कला ठणकावून सांग, मी नव्हतेच. ती आपल्याशी महिनाभर बोलणार नाही. न बोलू दे. घरी असेल, तेवढं पुरे.

“बरं झालं तुम्ही बोललात,” कात्रीसाहेब म्हणाले. “तुमच्या भगिनींचं आम्हाला शाळेतून कळलं होतंच. एका बाईच्या हसण्याचं काय करायचं, हा मलाही प्रश्नच होता. हसणारा माणूस तसा भोळा असतो. पण हे वेगळं निघालं.”

“वेगळं म्हणजे?”

“अहो, हॉलभर माणसं, आणि एकही जण हसत नाही! सगळ्यांना एकाच वेळी, एकाच क्षणी, तेच कळलं. कुणी कुणाला सांगितलं नाही, खूण केली नाही. कसं कळलं? हे आधीच डोक्यात असल्याशिवाय कळत नाही.” ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होते, आणि आवाजात थोडं कौतुकही होतं. “पहिलं कोण हसलं, हे मी उगाच विचारत बसलो. पहिलं कोण गप्प झालं, ते विचारायला हवं होतं.”

“ते आवाजावरून कसं कळणार, साहेब?”

“आवाजावरून नाही.”

त्यांनी आपल्या बॅगेतून एक चकती काढून शेजारच्या पडद्याच्या यंत्रात सारली. कानसेन सगळा कानाचा माणूस. त्या हॉलमध्ये प्रेक्षकांकडे तोंड करून एक कॅमेराही कायम चालू असतो, हसरे चेहरे टिपायला, हे त्याला गेल्या पाच दिवसांत एकदाही आठवलं नव्हतं. पडद्यावर हॉल आला. रांगा, माणसं, त्यांचे वर केलेले, हसायला तयार असलेले चेहरे. आवाज नव्हता. कात्रीसाहेबांनी चित्र एकेक चौकट पुढं सरकवायला सुरुवात केली.

“इथं वडिलांची मान कलायला लागते. अजून पूर्ण कललेली नाही. बघा, सगळे अजून बघताहेत. हा बघतोय. ही बघतेय. आणि ही...”

त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. तिसऱ्या रांगेत एका मुलीनं सगळ्यांच्या आधी मान खाली घातली होती. शेजारची मैत्रीण अजून हसरीच होती, आणि हिचा हात तिच्या मनगटावर होता, नको म्हणून दाबलेला. चेहरा अर्धाच दिसत होता. केस कानामागं खोचायची ती पद्धत कानसेननं ती चार वर्षांची असल्यापासून पाहिली होती.

“पोरगी हुशार आहे,” कात्रीसाहेब म्हणाले. “मोठ्या मोठ्यांच्या आधी कळलं तिला. ओळखता?”

 ताई सुटली होती ती याच दारानं, आणि तेच दार तिच्या लेकीसाठी उघडं टाकून तो स्वतः बाजूला उभा राहिला होता. खरं सांग मामा, सोपं आहे, ती म्हणाली होती. त्यानं सांगितलं होतं.

“नाही,” तो म्हणाला. “नाही ओळखत.”

कात्रीसाहेबांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. रागानं नाही. वाईट वाटल्यासारखं पाहिलं.

“मामाला भाची ओळखू येईना, म्हणजे कमाल झाली,” ते म्हणाले. “पास तुमच्याच नावानं निघालेत हो.” मग ते पुन्हा पडद्याकडे वळले आणि नेहमीच्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, “हिच्याशी घरी हे सगळं बोलतं कोण? आई ना? शिकवते म्हणे ती शाळेत.”